टिकाऊ घरे आणि कलाकारांच्या कामाच्या जागा पाहताना नेमके काय पाहावे?

रिकामी_चौकट :

नमस्कार मंडळी,

मी फर्निचर आणि लहान घरांची अंतर्गत रचना करते. गेल्या वर्षभरात माझी सगळी कामे एकमेकांसारखी दिसू लागली आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे ती इतरांच्या कामांसारखीही दिसू लागली आहेत. याचे कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. आम्ही सगळेच पिंटरेस्टवर तीच ती चित्रे साठवतो आणि ग्राहकही तीच चित्रे घेऊन आमच्याकडे येतात. म्हणून पडद्यासमोरून उठून प्रत्यक्ष जागा पाहायच्या असे मी ठरवले. एक तर जुने साहित्य पुन्हा वापरून किंवा कमीत कमी ऊर्जेत चालतील अशी बांधलेली घरे, आणि दुसरे म्हणजे चित्रकार, कुंभार, सुतार यांच्या कामाच्या जागा.

पहिल्याच भेटीत फजिती झाली. मातीच्या भिंतींच्या एका घरात मी तीन तास होते आणि तिथे 214 फोटो काढले. परत येऊन कामाला बसल्यावर मला सुचले काय, तर भिंतीला मातीसारखा रंग द्यावा. त्या घरात शिरताच जे जाणवले होते, ते फोटोंत कुठेच सापडत नव्हते.

अशा ठिकाणी गेल्यावर आपण काय पाहता, नोंदी कशा ठेवता, आणि पाहिलेले आपल्या कामात आणताना ती वरवरची नक्कल होऊ नये म्हणून काय करता, हे अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

उभा_छेद :

आपण फोटो काढले तिथेच घोटाळा झाला, असे मला वाटते. फोटोत पृष्ठभाग येतो. मातीच्या घराचे मर्म मात्र भिंतीच्या जाडीत, छपराच्या उंचीत आणि हवेच्या वाटेत असते. मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात आहे आणि माझा एकच आग्रह असतो : फोटो काढण्याआधी छेद काढावा, म्हणजे ती जागा सुरीने उभी कापली तर जे दिसेल त्याचे साधे रेखाटन करावे. रेखाटन वाईट आले तरी चालेल, कारण ते काढताना छप्पर भिंतीला कुठे टेकले आहे, किंवा टेकलेच नाही, हे पाहावेच लागते.

उदाहरण म्हणून बुर्किना फासोमधल्या गांदो गावातली प्राथमिक शाळा घ्या. वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी ती आपल्याच गावासाठी बांधली आणि 2001 मध्ये ती पूर्ण झाली. फोटोत ती मातीच्या विटांची, वर पातळ पंखासारखे छप्पर असलेली देखणी इमारत दिसते, आणि ते तरंगणारे छप्पर पाहून कोणालाही तसेच काहीतरी करावेसे वाटेल. आता ते तसे का आहे ते पाहा. पत्रा उन्हाने तापतो, म्हणून तो खोल्यांवर थेट न टाकता बराच वर उचलला आहे. खालचे छत विटांचे असून त्यात फटी सोडल्या आहेत, त्यामुळे खोलीतली गरम हवा त्या फटींतून वर जाते आणि छत व पत्रा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून निघून जाते. पत्र्याला आधार देणाऱ्या कैच्या (छपराचे सांगाडे) बांधकामाच्या साध्या सळ्या जोडून केल्या आहेत, कारण तिथवर मोठे तयार भाग नेणे आणि क्रेनने चढवणे शक्य नव्हते. करवत आणि छोटे वेल्डिंग यंत्र वापरायला गावातल्या माणसांना शिकवता येत होते. ज्याला आपण शैली म्हणतो, ती इथे ऊन, रस्ता आणि हाताशी असलेली माणसे या तीन अडचणींतून आली आहे. केरे यांना 2022 मध्ये वास्तुरचनेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला, तो पंखासारख्या छपराच्या दिसण्यासाठी नव्हे.

केरळात कमी खर्चाची घरे बांधणारे वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांच्या भिंतींचेही असेच आहे. त्यांच्या उघड्या विटांची नक्कल पुष्कळ होते, पण विटा काठावर उभ्या ठेवून दोन बाजूंच्या मधे पोकळी सोडायची त्यांची रॅट ट्रॅप पद्धत पाहून फार थोडे लोक थांबतात. त्या रचनेत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि आतली हवा उष्णता अडवते. सदनिकेतल्या कपाटाला विटा लागत नाहीत, हे खरे. पण दोन पातळ फळ्यांमधली पोकळी एका जाड फळीचे काम करू शकते का, हा प्रश्न तिथूनच घेता येतो.

नोंदवहीत मी प्रत्येक गोष्टीपुढे तिची अडचण लिहितो. ज्या गोष्टीमागे अडचण सापडत नाही ती बहुधा सजावट असते, आणि ती मी सोडून देतो. शिवाय त्या घरात राहणाऱ्याला न चुकता विचारावे की या घरात तुम्हाला कशाचा त्रास होतो. या प्रश्नाला मिळणारे उत्तर कौतुकापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

रंधा_आणि_भुसा :

वरचे म्हणणे पटले. मात्र कामाच्या जागांबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे, कारण तिथे छेदापेक्षा वस्तूंचे एकमेकांपासूनचे अंतर अधिक बोलते.

शिल्पकार ब्रांकुशी आपल्या पॅरिसच्या स्टुडिओत शिल्पांची मांडणी सतत बदलत असे. एखादे शिल्प विकले गेले की त्या जागी तो त्याची प्लास्टरची प्रत ठेवी, म्हणजे बाकीच्यांशी त्याचे असलेले नाते तुटू नये. त्याच्या दृष्टीने तो सगळा स्टुडिओच एक कलाकृती होता, म्हणून 1957 मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्याने तो जसाच्या तसा राखण्याच्या अटीवर फ्रेंच सरकारच्या नावे केला. हे आठवले की कोणत्याही कार्यशाळेत गेल्यावर मी आधी वस्तू पाहत नाही, त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा पाहतो.

मी स्वतः सुतारकाम करतो. माझ्या कार्यशाळेत उरलेल्या लाकडाचे तुकडे पूर्वी आडव्या फळ्यांवर, लाकडाच्या जातीप्रमाणे रचलेले असत : सागवान इथे, शिसव तिथे. दिसायला फार व्यवस्थित होते, पण त्यातला तुकडा क्वचितच वापरला जाई, कारण खालचा काढायचा तर वरचे दहा उतरवावे लागत. शेवटी वैतागून मी सगळे तुकडे उभे केले, भिंतीलगत लांबीप्रमाणे, डावीकडे वीतभर आणि उजवीकडे पुरुषभर. तुकडा शोधताना मला लाकडाच्या जातीआधी लांबी ठाऊक असते, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला अकरा वर्षे लागली. (बायकोच्या मते ती त्याआधीही दिसत होती.) आता उरलेले लाकूड खरोखरच कामी येते. पुढे मुलांच्या खोलीसाठी एक मांडणी करायची होती तेव्हा हीच कल्पना नेली : उभे कप्पे, उंचीप्रमाणे चढत जाणारे, रंगीत कागदांच्या गुंडाळ्यांपासून क्रिकेटच्या बॅटपर्यंत. त्या मांडणीत कार्यशाळेसारखे दिसणारे काहीच नाही.

तेव्हा एखाद्या कुंभाराकडे गेलात तर भांडी नंतर पाहा. त्याचा ओला हात कुठे पुसला जातो, चाकावरून उठल्यावर पहिले पाऊल कुठे पडते, कोणती वस्तू खिळ्यावर आहे आणि कोणती पेटीत, हे आधी पाहा.

जरा_तपासा :

चर्चा चांगली चालली आहे, तरी एक इशारा द्यावासा वाटतो. टिकाऊपणा हा आता स्वतःच एक देखावा झाला आहे. ताग, बांबू, कुंडीतली झाडे आणि मालवाहू पॅलेटचे (माल रचायच्या लाकडी चौकटीचे) लाकूड या चार गोष्टी दिसल्या की जागा पर्यावरणस्नेही ठरते, मग तो बांबू किती गोंद लावून दाबलेला आहे आणि किती समुद्र ओलांडून आला आहे हे कोणी विचारत नाही.

पॅलेटचेच घ्या. त्याच्या कडेला गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी एक शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, आणि असे लाकूड घरात, विशेषतः मुलांच्या पलंगाला, वापरू नये. मी एका अतिशय सुंदर, ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून नावाजलेल्या स्टुडिओत बसलो होतो, तेव्हा माझ्या कोपराखाली नेमका तो दुसरा शिक्का होता. वरून पॉलिश केलेला, आणि शोभेसाठी मुद्दाम राखलेला!

दुसरे असे की, प्रेरणा म्हणजे नवे काहीतरी करण्याची प्रेरणा असे आपण गृहीत धरतो. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात लेओं ओकोक नावाचा एक लहान चौक आहे. 1996 मध्ये त्याच्या सुशोभीकरणाचे काम लाकातों आणि वासाल या वास्तुरचनाकारांकडे आले. त्यांनी तिथे वेळ घालवला, रहिवाशांशी बोलले, आणि चौक आहे तसाच सुंदर आहे असा निष्कर्ष काढला. त्यांनी सुचवलेली कामे मुख्यतः अशी साधी होती : जमिनीवरची खडी बदलावी, झाडांची निगा राखावी, झाडलोट अधिक वेळा करावी. ही भेट फुकट गेली असे कोणी म्हणेल का? ग्राहकाच्या घरातले जुने कपाट काढू नका असे सांगण्याचे धैर्य ज्या जागेतून मिळते, ती जागा माझ्या लेखी सर्वांत मोठी प्रेरणा देते. अर्थात असा सल्ला दिल्यावर मानधन कशाचे मागायचे, हा प्रश्न उरतोच.

रंधा_आणि_भुसा :

मानधन पाहण्याचे मागावे. वैद्य नाही का औषध न देताही फी घेत!

उभा_छेद :

‘जरा तपासा’ यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. जुने साहित्य वापरायचे असेल तर चित्र आधी आणि साहित्य नंतर हा क्रम उलटा करावा लागतो. डच रचनाकार पीट हाइन एक (Piet Hein Eek) यांनी 1990 मध्ये आपल्या पदवी प्रकल्पासाठी भंगार लाकडाचे कपाट केले, तेव्हा हाती आलेल्या फळ्यांचे जुने रंग तसेच ठेवून त्यांनी रचना जुळवली होती. आपण आधी आराखडा काढून नंतर त्याच्या मापाचे जुने लाकूड शोधू लागलो, तर निम्मे लाकूड कापण्यातच वाया जाते.

रिकामी_चौकट :

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्यावर मी त्याच मातीच्या घरात पुन्हा गेले, या वेळी फोन गाडीत ठेवून. दीड तासात एकच गोष्ट रेखाटली : स्वयंपाकघराची खिडकी. भिंत 45 सेंटिमीटर जाड आहे आणि खिडकीच्या दोन्ही बाजू आतल्या अंगाला तिरप्या कापल्या आहेत, त्यामुळे लहानशा खिडकीतूनही उजेड पसरून येतो आणि खाली बसण्याएवढा कट्टा तयार होतो. पहिल्या भेटीत शिरताच जे जाणवले होते ते हेच असावे. घरातल्या आजींना त्रासाचे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “त्या कट्ट्यावर सगळे येऊन बसतात आणि मला ओट्याशी उजेड राहत नाही.” हे मी वहीत सर्वांत वर लिहून ठेवले आहे.

सध्याच्या कामात ग्राहकाच्या घराची भिंत अवघी 15 सेंटिमीटरची आहे. खिडकीच्या दोन्ही बाजूंना 30 सेंटिमीटर खोलीची कपाटे घेतली, त्यांच्या आतल्या कडा तिरप्या ठेवल्या आणि मधे कट्टा दिला, तर तीच 45 सेंटिमीटरची खोली मिळते. आणि ही खिडकी बैठकीतली असल्याने ओट्याचा उजेडही अडत नाही. कपाटांसाठी त्यांच्याच जुन्या घराची चार सागवानी दारे आहेत, आणि या वेळी आराखडा दारांची मापे घेतल्यावरच काढला आहे. अडचण एकच आहे. दारांच्या कडांवर बिजागऱ्यांच्या खाचा आहेत आणि त्या नेमक्या दर्शनी बाजूला येत आहेत. ग्राहकाला त्या बुजवून हव्या आहेत, मला नको आहेत. काय करावे?

रंधा_आणि_भुसा :

पोटीनने मुळीच बुजवू नका. वर्षभरात ते आक्रसते आणि खाचेपेक्षा वाईट दिसते. त्याच दारांची जी पट्टी कापून उरेल तिचे तुकडे रेषा जुळवून खाचांत बसवा, रंध्याने सपाट करा आणि पॉलिश न लावता ग्राहकाला एकदा दाखवा. एक खाच मात्र उघडी ठेवून दाखवा, म्हणजे दोन्ही पाहून त्यांना ठरवता येईल.