हॅलोवीनचे मूळ मूर्तिपूजक असेल, तर ख्रिस्ती कुटुंबाने काय करावे?

प्रश्न (डब्लिनहून एक आई)

सर्वांना सलाम. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. येथे 31 ऑक्टोबरचा हॅलोवीन सण जवळ आला की मुलीच्या शाळेत वेशभूषेचा कार्यक्रम ठरतो आणि दुकानांत बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा गोड पाव येतो. त्यात एक अंगठी दडवलेली असते. ती ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचे लग्न लवकर होणार, असे मानतात. आमच्या प्रार्थनागटातील एका वडीलधाऱ्या बंधूंचे म्हणणे असे की, हा सण साउइन या प्राचीन मूर्तिपूजक सणातून आलेला असल्यामुळे आपण त्यापासून पूर्ण दूर राहावे. मूळ अशुद्ध असेल, तर सणाचे आजचे रूपही अशुद्धच ठरते का?

उत्तर (मंडळीच्या इतिहासाचे अभ्यासक)

ताई, हा इतिहास सांगितला जातो तितका सरळ नाही. 1 नोव्हेंबरच्या सुमारास येणारा साउइन हा सण आयर्लंडमध्ये होता, यात शंका नाही; मध्ययुगीन आयरिश कथांत त्या दिवसांतील मेजवान्यांची आणि अद्भुत शक्तींच्या वावराची वर्णने येतात. मात्र त्या कथा देश ख्रिस्ती झाल्यानंतर काही शतकांनी ख्रिस्ती लेखकांनीच उतरवून ठेवल्या, आणि जुन्या पुजाऱ्यांनी त्या रात्री नेमके कोणते विधी केले याविषयी त्यांच्या हातचा एक शब्दही उरलेला नाही.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. हॅलोवीन म्हणजे सर्व संतांच्या ख्रिस्ती सणाची आदली संध्याकाळ. पोप बोनिफेस चौथे यांनी रोममधील पँथिऑन हे जुने मंदिर मरिया व सर्व हुतात्म्यांना अर्पण केले ते 609 च्या सुमारास, 13 मे रोजी. 1 नोव्हेंबर ही सर्व संतांच्या सणाची तारीख पुढे पश्चिम युरोपात रुळली आणि 835 मध्ये सम्राट लुई द पायस यांच्या राज्यात अधिकृत झाली. याउलट, 800 च्या सुमारास आयर्लंडमध्ये हाच सण 20 एप्रिलला पाळत असत. साउइनवर पांघरूण घालण्यासाठी ही तारीख निवडली गेली असती, तर ती आधी आयर्लंडमध्येच दिसायला हवी होती. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हा मुद्दा मांडला आहे आणि मला तो पटतो.

उत्तर (एक पाळक)

इतिहास कोणत्याही बाजूने लागला तरी आपला निर्णय त्यावर टांगून ठेवू नये. करिंथ या प्राचीन ग्रीक शहरातील विश्वासणाऱ्यांपुढे मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याचा प्रश्न होता, आणि तेथे मूळ तर उघड माहीत होते. तरीही प्रेषित पौलाने सांगितले की बाजारात विकले जाणारे मांस चौकशी न करता खावे. मात्र हा नैवेद्य आहे असे कोणी स्पष्ट सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नये. त्यामुळे मुलीने मेंढपाळाचा किंवा परिचारिकेचा वेश करून शाळेत जाण्यात मला दोष दिसत नाही. अंगठीवरून भविष्य पाहणे मात्र, गमतीखातर असले तरी, मी माझ्या घरात होऊ देणार नाही, कारण बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणे आणि मृतांना विचारणे स्पष्ट शब्दांत निषिद्ध आहे. तसेच आज काही लोक साउइन खरोखर धर्मविधी म्हणून पाळतात. त्यांच्या विधीत आपण सहभागी होऊ नये. त्या बंधूंचा विवेक दुखावत असेल, तर त्यांच्याशी वाद न घालता आधी त्यांच्या घरी जाऊन बोलावे.

उत्तर (वसईहून, कॅथलिक)

आमच्याकडे 2 नोव्हेंबरला आम्ही दफनभूमीत जातो, कबरी स्वच्छ करून फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि फादर कबरींवर आशीर्वादाचे पाणी शिंपडतात. हा स्मरणदिन दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी आपल्या मठांत सुरू केला. मृतांसाठी प्रार्थना करण्याबाबत पाळकांचे मत वेगळे असेल, हे मी जाणतो. पण मुलांना 31 तारखेला सांगाडे आणि भुतेच दाखवली आणि 1 तारखेला एकाही संताची गोष्ट सांगितली नाही, तर मृत्यूविषयी त्यांना फक्त भीतीच मिळते. मला खटकते ते हे. सणाचे मूळ नव्हे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपल्या सर्वांची आभारी आहे. त्या बंधूंकडे या रविवारी उपासनेनंतर जाईन. मुलीला शाळेत पाठवीन. पाव घरी आणला तर अंगठी आधीच काढून ठेवीन. एक शंका उरते: त्या रात्री शेजारची मुले खाऊ मागायला येतात, त्यांना काय सांगावे?

पाळक

काही सांगू नये, ताई. खाऊ द्यावा आणि नावे विचारावीत. शेजाऱ्यांची ओळख करून घेण्याची अशी संधी परदेशात सहसा मिळत नाही.