आलं-हळदीचं दूध दर वेळी फाटतं, क्रम काय ठेवायचा?

कृष्णाकाठ (सांगली): घसा खवखवतोय, रात्री कोरडा खोकला येतो. कपभर दुधात किसलेलं आलं, हळद, गूळ एकदमच घालून उकळलं की चोथापाणी होतं. दूध ताजंच असतं. आलं सातारी, हळद यार्डातली हळकुंडं दळून आणलेली. आधी काय घालायचं? सहा वर्षांच्या मुलीला आणि दहा महिन्यांच्या बाळाला किती द्यावं?

वाईकर: दोष दुधाचा नाही. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, ते गरम होत असलेल्या दुधाचा चोथा करतं. उकळत्या पाण्यात मात्र ते निकामी होतं. म्हणून अर्धा इंच आलं ठेचून अर्धा कप पाण्यात पाच मिनिटं खळखळून उकळा. पाव चमचा हळद त्यातच घाला, म्हणजे कच्चट वास जातो. दूध वेगळं उकळून गरम असतानाच वरून ओता. चिमूटभर मिरपूड आणि अर्धा चमचा तूप हवंच. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपात विरघळतं आणि मिरीमुळे अंगात जास्त शोषलं जातं. गूळ गॅस बंद केल्यावर, दूध पिण्याइतकं निवलं की मगच. उकळत्या दुधात गूळ पडला तरी दूध नासतं, आल्याचा संबंध नसतानाही.

हळदवाला_मिरज: क्रम बरोबर आहे. हळकुंडं घेताना बाहेरून भडक, चकचकीत पिवळी टाळा, काही ठिकाणी लेड क्रोमेट या शिसं असलेल्या पिवळ्या रंगाने रंगवलेली असतात. एक हळकुंड ग्लासभर पाण्यात टाका. लगेच पाणी पिवळं झालं तर ती हळद घरात नको, शिसं अंगात साठतं.

कृष्णाकाठ: आणि मुलांचं?

औषधी_कराड: मुलीला अर्धा कप, मिरी अगदी नखभर. झोपताना चमचाभर मध दिला तर रात्रीच्या खोकल्याला तो या दुधापेक्षा जास्त उपयोगी. बाळाला यातलं काहीच नको, मध तर बोटावरसुद्धा चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. घरातली आजी आग्रह करेल, तरी ठाम राहा. बाळाचा श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर लगेच डॉक्टर.

मोठ्यांनी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीनदा गुळण्या कराव्यात, घशाला त्यानं लवकर आराम पडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वयंपाकातली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढे थांबवून सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्या, ती तपासणी मोफत होते.