बीजांडकोशाला चालना देणाऱ्या संप्रेरकाचीच नक्कल असलेले इंजेक्शन पाळी बंद कशी करते?

निशिगंधा

मला एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा त्रास आहे. गेल्या महिन्यापासून ल्युप्रोलाइड या औषधाचे महिन्यातून एकदा घ्यायचे 3.75 मिलिग्रॅमचे इंजेक्शन सुरू झाले आहे. डॉक्टरांनी सांगितले की, मेंदू बीजांडकोशाला कामाला लावण्यासाठी जे संप्रेरक वापरतो, त्याच्यासारखेच हे औषध आहे आणि त्यामुळे काही आठवड्यांत पाळी थांबेल. रुग्णांची रांग मोठी असल्याने मी पुढे काही विचारले नाही, पण घरी आल्यापासून हे कोडे सुटलेले नाही. चालना देणाऱ्या संप्रेरकाची नक्कल शरीरात गेली, तर बीजांडकोशाचे काम वाढायला हवे, थांबायला नको. इंजेक्शननंतरच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत माझे दुखणे खरोखरच वाढले होते आणि नंतर ते हळूहळू ओसरले, त्यामुळे गोंधळात भरच पडली.

दुसरी शंकाही याच धाग्यातली आहे. माझ्या वहिनीला मूल व्हावे म्हणून क्लोमिफीन दिले होते आणि ते इस्ट्रोजेनला अडवणारे औषध असल्याचे माहितीपत्रकात वाचले. म्हणजे माझ्याकडे चालना देणारे औषध काम थांबवते आणि तिच्याकडे अडवणारे औषध स्त्रीबीज तयार करायला मदत करते. ही उलटी गंगा कशी वाहते, हे कोणी नीट समजावून सांगेल का? उपचारांविषयी मला सल्ला नको आहे, तो डॉक्टर देतच आहेत. शरीरात नेमके काय घडते, एवढेच समजून घ्यायचे आहे.

औषधशास्त्राचा शिक्षक

आपल्याला पडलेला पेच खरा आहे. अनेक वर्षे हा विषय शिकवताना माझा अनुभव असा की, विद्यार्थी उत्तर पाठ करतात, पण हा प्रश्न त्यांना क्वचितच पडतो.

मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच नावाचे संप्रेरक स्रवते. ते अवघ्या 10 अमिनो आम्लांची एक छोटी साखळी आहे. रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांनी 1970 च्या सुमारास तिची रचना उलगडली आणि 1977 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक जवळच्याच पीयूषिका ग्रंथीला एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके सोडायला लावते, ती रक्तातून बीजांडकोशापर्यंत पोहोचतात आणि तिथे स्त्रीबीजाची वाढ व इस्ट्रोजेनची निर्मिती होते. इथपर्यंतचे आपल्या डॉक्टरांनी सांगितलेच आहे. राहून गेलेली गोष्ट अशी की, जीएनआरएच सलग वाहत नाही, ते ठरावीक अंतराने झटक्याझटक्याने सुटते. पाळीनंतरच्या पंधरवड्यात साधारण तासा-दीड तासाने एक झटका येतो आणि बीजोत्सर्जनानंतर हे अंतर वाढत जाते. एकदा सुटलेले संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच नष्ट होते, त्यामुळे दोन झटक्यांच्या मधला काळ खरोखर रिकामा जातो आणि पीयूषिकेतल्या पेशींना पुढच्या झटक्यासाठी तयार व्हायला उसंत मिळते.

ही उसंत किती आवश्यक आहे, हे अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने 1978 मध्ये ऱ्हीसस माकडांवर दाखवून दिले. ज्या माकडांचे स्वतःचे जीएनआरएच बंद पाडले होते, त्यांना तेच संप्रेरक तासाला एकदा थोडा वेळ दिले, तेव्हा एलएच आणि एफएसएच व्यवस्थित स्रवू लागले. ते शिरेतून अखंड देत राहिले, तेव्हा दोन्ही संप्रेरके खाली गेली. आणि पुन्हा तासातासाने देऊ लागताच ती पूर्ववत झाली. पदार्थ एकच होता, परिणाम मात्र तो देण्याच्या तालावर ठरला. माझ्या मते आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या एका प्रयोगात आहे.

ल्युप्रोलाइडच्या साखळीत सहाव्या जागेवर मुळातल्या ग्लायसीनऐवजी ल्युसीनचे आरशातल्या प्रतिमेसारखे रूप बसवले आहे आणि शेवटचे टोकही बदलले आहे. त्यामुळे जीएनआरएचचे तुकडे करणाऱ्या विकरांना ही साखळी सहजासहजी तोडता येत नाही. शिवाय महिन्याच्या इंजेक्शनमध्ये औषध बारीक कणांत कोंडलेले असते आणि ते आठवडेच्या आठवडे झिरपत राहते. म्हणजे पीयूषिकेच्या पेशींपर्यंत संदेश पोहोचतो, पण तो कधी थांबतच नाही. सुरुवातीला त्या पेशी साठवलेले एलएच आणि एफएसएच भरभरून सोडतात, इस्ट्रोजेन चढते आणि एंडोमेट्रिओसिसच्या ऊतींनाही त्याची चालना मिळते. आपले दुखणे त्या आठ-दहा दिवसांत वाढले, त्याचा मेळ याच्याशी बसतो. त्यानंतर पेशी आपल्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाचा संदेश झेलणारे रेणू, आत ओढून घेतात, उरलेल्या रिसेप्टरांना मिळालेला संदेशही आत पुढे सरकत नाही आणि दोन ते चार आठवड्यांत बीजांडकोशाकडे जाणारा आदेश जवळजवळ बंद पडतो. औषध थांबवले की रिसेप्टर पुन्हा तयार होतात आणि चक्र परत सुरू होते.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. ज्यांच्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच सुटतच नाही, अशा काही स्त्रियांना तेच संप्रेरक छोट्या पंपाद्वारे दर दीड तासाने दिले जाते आणि त्यांच्यात बीजोत्सर्जन सुरू होते.

चाफा

वहिनींच्या औषधाबद्दल लिहितो. वंध्यत्वाच्या उपचारांत मी बरीच वर्षे काम करत आहे आणि क्लोमिफीनबद्दलचा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जोडपे विचारते.

पीयूषिकेला किती आदेश द्यायचा, हे हायपोथॅलॅमस रक्तातल्या इस्ट्रोजेनवरून ठरवतो. इस्ट्रोजेन पुरेसे दिसले की तो आवरते घेतो, कमी दिसले की जोर वाढवतो. क्लोमिफीन तिथल्या इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर जाऊन बसते. रक्तात इस्ट्रोजेन असूनही हायपोथॅलॅमसला ते जाणवत नाही, म्हणून तो जीएनआरएचचे झटके वाढवतो, एफएसएच चढते आणि बीजांडकोशातला एखादा फुगा, म्हणजे स्त्रीबीज असलेली द्रवाची पिशवी, वाढू लागतो. म्हणजे औषध अडवते ते बीजांडकोशाला नव्हे, तर मेंदूच्या त्या जाणिवेला. गोळ्या पाळीच्या सुरुवातीला फक्त 5 दिवस देतात, तेही याचसाठी. पुढे फुगा मोठा झाल्यावर त्याच्यातून येणारे भरपूर इस्ट्रोजेन मेंदूला जाणवायलाच हवे, कारण ते दोनेक दिवस उंच पातळीवर टिकले की उलट परिणाम घडतो आणि एलएचची मोठी लाट येऊन बीज बाहेर पडते. इस्ट्रोजेन एरवी आवर घालते आणि याच एका वेळी चालना देते, ही या व्यवस्थेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

क्लोमिफीनचा एक दोष असा की, त्याचा काही अंश शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतो आणि गर्भाशयाच्या अस्तरातले रिसेप्टरही अडवतो, त्यामुळे काहींचे अस्तर पातळ राहते. लेट्रोझोल दुसऱ्या वाटेने जाते. ते रिसेप्टरला हात लावत नाही. पुरुषसंप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवणाऱ्या अरोमाटेज या विकरालाच काही दिवस थांबवते आणि लवकर शरीराबाहेर जाते. पीसीओएस (बीजोत्सर्जन अनियमित होण्याचा एक संप्रेरकविकार) असलेल्या 750 स्त्रियांवरच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के स्त्रियांना मूल झाले, तर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी 19.1 टक्के. त्यामुळे पीसीओएसमध्ये आता बहुधा लेट्रोझोल आधी दिले जाते.

निशिगंधा

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या दिवसांतल्या त्या दुखण्याने मी घाबरले होते आणि औषध लागू पडत नाही असे समजून बसले होते. हे आधी कोणी सांगितले असते, तर ते दिवस सोपे गेले असते.

आता एक शेवटचे विचारते. गर्भनिरोधक गोळ्याही बीजांडकोशाला शांत करतात, असे वाचले आहे. मग त्या घेणाऱ्यांना हाडांची काळजी करायला का सांगत नाहीत, आणि मला मात्र सहा महिन्यांची मर्यादा व कॅल्शियम का सांगितले आहे?

जुना वाचक

या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी द्यावे, पण सुरुवातीच्या त्या उसळीबद्दल एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. माझ्या वडिलांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी याच गटातले इंजेक्शन दिले होते. पुरुषांत तीच उसळी टेस्टोस्टेरॉनची असते आणि कर्करोग मणक्यात पसरलेला असेल, तर गाठ फुगून मज्जारज्जू दाबला जाण्याचा धोका असतो. म्हणून त्यांना आधीपासून काही आठवडे बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या दिल्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉन वाढले तरी त्याच्या रिसेप्टरची जागा अडलेली राहील. आम्हाला त्या गोळ्यांचे कारण सांगितले गेले नव्हते आणि वडील त्या टाळायच्या बेतात होते. ज्यांच्या घरी हा उपचार चालू आहे, त्यांनी त्या गोळ्या चुकवू नयेत, ही कळकळीची विनंती.

औषधशास्त्राचा शिक्षक

जुना वाचक यांनी लिहिले ते महत्त्वाचे आहे. त्यात एवढीच भर घालतो की, डेगॅरेलिक्ससारखी औषधे पीयूषिकेच्या रिसेप्टरवर बसतात, पण त्याला जागे करत नाहीत. त्यामुळे उसळी येतच नाही आणि टेस्टोस्टेरॉन बहुतेक रुग्णांत तीन दिवसांत खाली जाते.

निशिगंधा, आपल्या प्रश्नाकडे येतो. गोळीमध्ये इस्ट्रोजेनसारखा आणि प्रोजेस्टेरॉनसारखा असे दोन घटक असतात. त्यांची पातळी रोज राखली गेल्याने मेंदू आदेश कमी करतो आणि एलएचची लाट येत नाही. बीजांडकोश शांत राहतो हे खरे, पण इस्ट्रोजेनचे काम गोळीतला घटक करत राहतो, म्हणून हाडांना सहसा त्याची उणीव भासत नाही. आपल्या इंजेक्शनमध्ये असा कोणताही पुरवठा नसतो. इस्ट्रोजेन रजोनिवृत्तीनंतरच्या पातळीपर्यंत उतरते, अंगातून वाफा येतात, झोप मोडते आणि हाडे झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. म्हणून एकट्या इंजेक्शनला सहा महिन्यांची मर्यादा घालतात. उपचार लांबवायचा असल्यास सोबत नॉरएथिस्टेरॉन ॲसिटेट हे प्रोजेस्टेरॉनसारखे औषध किंवा अगदी थोडे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन देतात. एंडोमेट्रिओसिसच्या ऊतींना वाढायला जेवढे इस्ट्रोजेन लागते, त्यापेक्षा कमी इस्ट्रोजेनवर हाडांचे भागते, आणि या दोहोंमधल्या पट्ट्यात पातळी राखता येते. आपल्यासाठी असे काही योजले आहे का, हे पुढच्या भेटीत अवश्य विचारा.

पाळी थांबली म्हणजे गर्भधारणेपासून संरक्षण मिळाले, असे मात्र धरून चालू नका. विशेषतः पुढचे इंजेक्शन लांबले, तर बीजोत्सर्जन होऊ शकते, आणि हे औषध गर्भावस्थेत द्यायचे नसते. या काळात निरोध किंवा संप्रेरक नसलेले दुसरे साधन वापरायला सांगतात, ते यासाठीच.