टर्बो गाडीला महागडे पेट्रोल लागतेच का?

वाटसरू (धागालेखक)
"टर्बो गाडीत साधे पेट्रोल भरणे म्हणजे इंजिनाला रोज थोडे थोडे विष देणे," हा मजकूर आमच्या सोसायटीच्या गटावर काल तिसऱ्यांदा आला. तो वाचून शेजारच्या निवृत्त काकांनी मंडईपलीकडे क्वचितच जाणाऱ्या आपल्या एक लिटरच्या टर्बो गाडीत ९५ ऑक्टेनचे महागडे पेट्रोल भरायला सुरुवात केली, म्हणून हे लिहीत आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे; दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचा तो गुण आहे. टर्बो हवा कोंबून भरतो, त्यामुळे नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके पडण्याचा, धोका वाढतो, हे मान्य. पण त्यासाठीच इंजिनावर नॉक सेन्सर असतो आणि ठोका जाणवला की संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. टाकीच्या झाकणाआतला आकडा वाचा. तिथे ९१ असेल, तर लिटरमागे जास्त पैसे मोजून नेमके काय पदरात पडते?

घाटमाथा
आपण कधी भर मे महिन्यात, पाच माणसे, भरलेली डिकी आणि एसी चालू ठेवून पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढला आहात काय? माझ्या टर्बो गाडीने तिथे तिसऱ्या गिअरमध्ये पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज केला होता. पुढच्या खेपेस ९५ भरले आणि त्याच वळणावर आवाज नाहीसा झाला. आपला तो सेन्सर पहिल्या खेपेस झोपला होता, असे समजू का?

वाटसरू
सेन्सर ठोका पडल्यावरच जागा होतो, हे खरे. परंतु तेवढ्या ओझ्यानिशी तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला रडवण्याऐवजी दुसरा टाकला असता, तर ते काम फुकटात झाले असते.

एडिसनकर
इकडे अमेरिकेत ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेने हे तपासले आहे. साधे पेट्रोल पुरते अशा गाड्यांना महागड्या पेट्रोलने काहीही फायदा होत नाही, असे २०१६ मध्ये आढळले. ज्यांना ते केवळ सुचवलेले आहे, त्यांचे मायलेज २०१७ च्या चाचणीत सरासरी २.७ टक्के वाढले. मात्र आमच्या पंपावरचे ८७ हे तुमच्या साधारण ९१-९२ इतके असते, कारण मोजण्याची पद्धत वेगळी आहे. तिकडचे व्हिडिओ पाहून इथे आकडे फेकणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

जुनीगाडी
९१ की ९५ हा वाद घालणाऱ्यांनी आधी नळीतून येते काय ते पाहावे. माझी गाडी २०१७ ची असून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल (ऊस, धान्य यांपासूनचे अल्कोहोल) आल्यापासून तिचे मायलेज सोळावरून साडेचौदावर आले आहे. जुन्या चारचाक्यांत सहा-सात टक्के घट होईल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. मग दरात तेवढी सूट का नाही?

ऊसपट्टा
सोळावरून साडेचौदा म्हणजे नऊ टक्के होतात; उरलेले दोन-तीन टक्के अ‍ॅक्सिलरेटर दाबणाऱ्या आपल्या पायाखाली शोधा. इथेनॉलमुळे आमच्या सांगलीकडे साखर कारखान्यांच्या हाती वेळेवर पैसा येऊ लागला, हे एसीत बसून मायलेज मोजणाऱ्यांना दिसणार नाही.

जुनीगाडी
उसाचे बिल माझ्या टाकीतून का वसूल करता? ते सरळ कर म्हणून मागा, मी भरीन. आणि माझा पाय काढण्याचे आपणास कारण नाही.

वाटसरू
दोघांनीही जरा दमाने घ्यावे. वीस टक्के मिश्रणाचे ऑक्टेन ९५ आहे, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले आहे. तसे असेल, तर ९५ साठी वेगळे पैसे मोजणाऱ्यांनी ते कशासाठी मोजायचे, हा माझा मूळ प्रश्न अधिकच टोकदार होतो.

पानाडेपाना
त्यात घातलेल्या साफसफाईच्या रसायनासाठी, असे गिऱ्हाईक मला सांगते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या एका टर्बो इंजिनाचे हेड मी मागच्या महिन्यात उघडले, तेव्हा हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या देठावर करपलेल्या भातासारखी काळी खरपुडी होती. मालकाने पहिल्या दिवसापासून फक्त महागडेच पेट्रोल भरले होते. अशा इंजिनात पेट्रोल त्या व्हॉल्व्हला शिवतच नाही, मग ते धुणार कसे? इंजेक्टर स्वच्छ राहतात, तेवढे पुण्य त्याच्या पदरात घालतो. रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवलेल्या, गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांना ९५ खाली उतरवू नये.

घाटमाथा
आत्ताच खाली जाऊन झाकण उघडून पाहिले. तिथे "किमान ९१, शिफारस ९५" असे छापलेले आहे, म्हणजे धागालेखकही बरोबर आणि मीही. पुढच्या मे महिन्यात त्यांच्या आज्ञेप्रमाणे दुसरा गिअर टाकीन. पेट्रोल मात्र ९५ च भरीन, कारण मागे बसलेल्या सासूबाईंना तो डब्यातल्या खड्यांचा आवाज अजून आठवतो.