मदत हवी आहे: ‘फोर्ट’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी, शब्दावर अडलोय. अमेरिकेतल्या मूळनिवासी चेरोकी लोकांच्या सक्तीच्या स्थलांतरावर एक लेख लिहितोय. १८३८ मध्ये जनरल विनफिल्ड स्कॉटच्या सैनिकांनी त्यांना घराघरांतून बाहेर काढलं आणि पश्चिमेला पाठवण्याआधी ‘फोर्ट’मध्ये डांबलं. अलाबामातला फोर्ट पेन त्यातलाच. आता ते गावाचंच नाव झालंय, आणि त्या ठिकाणी जुन्या लाकडी घराची दगडी चिमणी तेवढी उभी आहे. शरद ऋतूत तिथून सुमारे ११०० जणांचा तांडा निघाला.

आता ‘किल्ला’ लिहिलं की आपल्या डोळ्यांसमोर रायगड उभा राहतो! बुरूज, महादरवाजा, टाकी. इथे तर ओंडक्यांचं कुंपण, तेही काही महिन्यांपुरतं. शिवाय आत ठेवलेले लोक शत्रू नव्हते, त्याच मातीतले शेतकरी होते. ‘छावणी’ फार सौम्य वाटतं. ‘गढी’ तर अजिबात नको, त्यात पाटीलकी आली. मला ‘कोंडवाडा’ सुचतोय, पण आपल्याकडे त्यात मोकाट गुरं कोंडतात. माणसांसाठी तो वापरला तर अपमान वाटेल, की नेमकं तेच सांगायचंय म्हणून चालेल?

एखादा जुना लष्करी शब्द कुणाला आठवतोय का?