मदत हवी आहे: निवडणूक संपली, सोसायटीतले तट संपेनात

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, इमारत जुनी. २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. तेव्हापासून आमच्या जिन्यातही धनुष्यबाणवाले आणि मशालवाले (म्हणजे ठाकरे गटाचे) असे दोन तट आहेत. गंमत म्हणजे दोघांच्याही घरात ठाण्याचे दिवंगत शिवसेना नेते आनंद दिघेसाहेब यांचा फोटो आहे, आणि नवरात्रात दोघंही टेंभीनाक्याच्या देवीलाच जातात.

प्रचारात जे बोलणं झालं ते झालं. पण आता पुनर्विकास अडलाय. ५१ टक्के संमती हवी, तर एका गटाने सुचवलेला बिल्डर दुसऱ्याला त्यांच्या पक्षाचा वाटतो. सभेत आराखडा बाजूलाच, गद्दार-खुद्दार सुरू. गच्ची सगळ्यांच्याच डोक्यावर गळते, तिला पक्ष नाही!

तुमच्याकडे असं झालं असेल तर मार्ग कसा काढलात? सभेला बाहेरचा, त्रयस्थ माणूस बसवून फरक पडतो का? गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत सोसायटीतर्फे एकत्र जावं असं माझ्या मनात आहे, पण झेंड्यावरून पुन्हा वाजेल अशी भीती वाटते. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा. कोणता पक्ष बरोबर, हे मात्र इथे नको.