डाउनव्होट ठेवायचा की काढून टाकायचा?

टेकडीप्रेमी
पुण्यातल्या कोथरूड-एरंडवणे भागासाठी मराठी संकेतस्थळ चालवतोय, साधारण ९०० सदस्य आहेत. पाणी, कचरा, पीएमपी बस या धाग्यांवर काही त्रास नाही. पण वेताळ टेकडीवरच्या बालभारती–पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला की मुद्दा कितीही नीट मांडलेला असो, दुसऱ्या बाजूचे लोक लाल बाण (डाउनव्होट, म्हणजे खालचं मत) दाबत सुटतात. क्रम ‘वरची मतं वजा खालची’ असा लावलाय, उणे ५ झालं की प्रतिसाद मिटतो. डाउनव्होट काढूनच टाकू का?

पेठेतला_प्रोग्रामर
आधी त्या बाणाचा अर्थ ठरवा. ‘लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी फुटायला हा रस्ता हवा’ असं एकानं आकड्यांसह लिहिलं आणि दुसऱ्यानं त्याला शिवी हासडली, तर तुमच्याकडे दोघंही उणे ५ वर जाऊन मिटतात. ‘पटलं नाही’, ‘माहिती चुकीची’ आणि ‘भाषा वाईट’ हे तिन्ही एकाच बाणात कोंबलंय. न पटल्याचं बटणच नको, पटत नसेल त्यानं उत्तर लिहावं. बाकी दोन्हींसाठी ‘तक्रार’ ठेवा आणि कारण निवडल्याशिवाय ती जाऊ देऊ नका. तीन वेगवेगळ्या सदस्यांच्या तक्रारी आल्या की प्रतिसाद संपादकांच्या रांगेत जावा. आपोआप मात्र मिटवू नका, नाहीतर तीन मित्र मिळून कुणालाही गप्प करतील.

ठेवायचाच असेल तर फुकट नको. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ संकेतस्थळावर डाउनव्होटसाठी आधी १२५ गुण लागतात, आणि उत्तराला उणे मत दिलं की देणाऱ्याचाही १ गुण जातो. तेवढ्यानं हात आखडतो.

संख्याशास्त्र_विद्यार्थी
बाण ठेवा किंवा काढा, वजाबाकी आधी बंद करा. ६० वर आणि ४० खाली म्हणजे +२०, १५ वर आणि शून्य खाली म्हणजे +१५. भांडणाचा प्रतिसाद वर, निर्विवाद उपयोगी प्रतिसाद खाली! एडविन विल्सन यांचं १९२७ चं सूत्र वापरा: ९५ टक्के विश्वासमर्यादेची खालची बाजू, म्हणजे एकूण मतांत वरच्या मतांचा खरा वाटा किमान किती असेल याचा सावध अंदाज; मतं कमी असतील तर तो खाली येतो. त्यानं पहिल्याला ०.५० मिळतात, दुसऱ्याला ०.८०. एकच मत, तेही वरचं, असेल तर फक्त ०.२१, म्हणजे एका मित्राच्या मतावर कुणी डोक्यावर बसत नाही. रेडिटनं २००९ पासून प्रतिसादांच्या ‘बेस्ट’ क्रमासाठी हेच घेतलं.

याची एक खोट आहे. नवा प्रतिसाद तळाशीच राहतो आणि कुणी वाचतच नाही. म्हणून पहिले दोन तास क्रम यादृच्छिक ठेवा आणि तेवढा वेळ आकडाही झाका. मुचनिक, अरल आणि टेलर यांच्या २०१३ च्या प्रयोगात प्रतिसादाला सुरुवातीलाच एक बनावट वरचं मत दिलं, तर अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. आकडा दिसला की लोक त्याच्यामागे जातात.

टेकडीप्रेमी
दोघांचेही आभार. डु-आयडींचं (एकाच माणसाच्या अनेक खात्यांचं) काय करायचं? एका आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) एकच मत, असं चालेल?

पेठेतला_प्रोग्रामर
अजिबात नको. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच आयपीमागे ठेवतात, आणि एका घरातल्या चौघांचं वायफाय एकच असतं. खरे सदस्य अडकतील, डु-आयडीवाला नेट बदलून मोकळा. त्यापेक्षा खातं ७ दिवस जुनं आणि किमान ५ प्रतिसाद होईपर्यंत मत नोंदवून घ्या, पण मोजू नका. बटण नेहमीसारखं दाबलं जातं, त्यामुळे त्याला पत्ताही लागत नाही.

आणखी एक, हे फार जण चुकवतात: डेटाबेसमध्ये प्रतिसादाच्या ओळीत नुसता आकडा वाढवू नका. मतांचा वेगळा तक्ता करा आणि सदस्य व प्रतिसाद या जोडीवर ‘युनिक’ बंधन घाला, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदवली जाणार नाही. नाहीतर नेट मंद असताना बटण दोनदा दाबलं की दोन मतं पडतात. शिवाय डु-आयडी सापडल्यावर त्याची सगळी मतं वेचून काढून पुन्हा मोजणी करायला हाच तक्ता लागतो.